घरातल्या वृद्धांचं वजन वारंवार घटतंय? घास नेमका कुठे अडतोय ते शोधा

आजीच्या पाटल्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागतात, आजोबांच्या पायजम्याची नाडी चार बोटं जास्त ओढावी लागते, बोलताना कवळी खाली येते. तेव्हा घरात कुणीतरी म्हणतंच, “वय झालं, अंग उतरणारच.” या एका वाक्यापायी तीन-चार महिने हातचे जातात. सत्तरीनंतर नैसर्गिकरीत्या जे वजन कमी होतं ते वर्षाला काही शे ग्रॅमच्या घरात असतं. कुठलाही प्रयत्न न करता 6 ते 12 महिन्यांत 5 टक्के किंवा त्याहून जास्त वजन गेलं, म्हणजे 50 किलोच्या माणसाचं अडीच किलो गेलं, तर ते वयामुळे नाही. त्यामागे कारण आहे आणि ते शोधावंच लागतं.

दुसरी नेहमीची तक्रार अशी: “मध्ये जरा भरले होते, पुन्हा उतरले.” हे बहुतेक वेळा जिन्यासारखं घडतं. एक ताप आला, दोन किलो गेले, परत आला एकच. मग जुलाब झाले, पुन्हा दोन गेले. प्रत्येक वेळी घरचे आठवडाभर आग्रहाने खाऊ घालतात, तेवढ्यापुरतं बरं दिसतं आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं.

आधी मोजा, मग काळजी करा

वजन आठवड्यातून एकदाच घ्यायचं. वार ठरलेला, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत, अनवाणी. काटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो. आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनातच लिहून टाका, वेगळी वही हरवते.

उभं राहता येत नसेल तर शिंप्याची टेप घ्या. खुर्चीवर बसवून पाय जमिनीवर टेकवा आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. घेर 31 सेंमीपेक्षा कमी असेल तर स्नायू बरेच झिजले आहेत असं समजा. महिन्यातून एकदा त्याच पायाचं माप घ्या.

एक फसवणूक लक्षात ठेवा. नडगीवर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून काढला आणि खळगा तसाच राहिला, तर पायात पाणी साठलंय. अशा वेळी काटा स्थिर दिसतो आणि आतलं मांस मात्र जात असतं. उलट, लघवी जास्त होण्याची गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर पहिल्या आठवड्यात गेलेले दोन किलो हे पाणी असतं. म्हणून सूज आहे की नाही हेही वजनाशेजारी लिहा.

सोबत तीन दिवस खाण्याची नोंद ठेवा. वाढलं किती ते लिहायचं नाही, पोटात गेलं किती ते लिहायचं. “जेवतात की व्यवस्थित” असं सांगणाऱ्या घरातही तीन दिवस नोंद ठेवली की चित्र पालटतं.

एक जेवण समोर बसून बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि तेच सगळ्यात कमी केलं जातं. एक पूर्ण जेवण समोर बसा. मदत नको, आग्रह नको, फोन बाजूला. फक्त बघा.

भाकरीचा पापुद्रा तेवढा खाऊन जाड भाग ताटाच्या कडेला सरकवलाय का? घास एकाच गालात बराच वेळ घोळतोय का? प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेऊन तो खाली ढकलावा लागतोय का? चमचा तोंडापर्यंत जाईतो अर्धी आमटी ताटात सांडते का, आणि मग सांडतं म्हणून लाजून त्या वाटीलाच हात लावला जात नाही का? की चार घास झाल्यावर हात थांबतो आणि भाताची शितं नुसती चिवडली जातात? पापुद्र्याचा अर्थ दात, घोटाचा अर्थ घसा, थरथरीचा अर्थ हात आणि चिवडण्याचा अर्थ भूक. उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे. दातांच्या दुखण्यावर भूक वाढवायचं औषध देऊन काहीच होत नाही.

तोंड

वजन उतरलं की हिरड्याही झिजतात, कवळी ढिली होते, चावणं कमी होतं आणि वजन आणखी उतरतं. हे चक्र दंतवैद्याकडे तुटतं. जुन्या कवळीला आतून नवा थर देता येतो, दर वेळी नवी कवळी करावी लागत नाही. चिकटवायची पेस्ट ही तात्पुरती सोय.

टॉर्च लावून जीभ आणि टाळू बघा. पांढरे थर पुसल्यावर खाली लाल, हुळहुळी जागा दिसली तर बुरशीचा संसर्ग आहे. दम्याचा पंप घेणाऱ्यांत आणि रात्री कवळी न काढणाऱ्यांत हा नेहमी आढळतो. औषधाने काही दिवसांत बरा होतो. पुढे पंप घेतल्यावर चूळ भरायची आणि कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची.

चावता येत नाही म्हणून बहुतेक घरांत पातळ पेज, पाणीदार खिचडी, गाळलेलं सूप सुरू होतं. इथेच मोठी चूक होते. पाणी घालून पातळ केलं की वाटी तेवढीच भरते, पोटही तेवढंच भरतं, पण अंगी लागणारं निम्म्यावर येतं. अन्न मऊ हवं, पातळ नको. गुरगुट्या भात घट्ट शिजवून तूप घालून कालवलेला, मुगाचं दाट वरण, मऊ उकडून कुस्करलेला बटाटा, अंड्याची भुर्जी, दुधात शिजवलेलं घट्ट नाचणीसत्त्व, काटे काढून कुस्करलेली मासळी असं द्या.

घसा

पाणी पिताना ठसका, जेवणानंतर घरघरता ओला आवाज, वरचेवर छातीत कफ: अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जातंय. पक्षाघात, पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांत हे जास्त. भात जमतो पण पाणी जमत नाही हे ऐकायला विचित्र वाटतं. मात्र पातळ पदार्थ घशात वेगाने घसरतो आणि सावरायला वेळच मिळत नाही. सगळ्यात अवघड असतात मिश्र पदार्थ: पातळ आमटीत तरंगणारी शितं, दूध-पोहे, ताकातली भाकरी.

पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसवा, हनुवटी किंचित खाली. अर्धा चमचा घास द्या, तो गिळला गेल्याचं गळ्यावर दिसू द्या, मगच पुढचा. जेवणानंतर 30 मिनिटं आडवं करू नका. झोपलेल्या माणसाच्या तोंडात वाटीने पाणी कधीच ओतू नका. त्यातून न्यूमोनिया होतो. अशा रुग्णांना स्पीच थेरपिस्टकडे न्या. ते बोलण्याइतकंच गिळण्यावरही काम करतात. पाणी दाट करायचं का आणि किती, हे त्यांनीच ठरवावं.

आधी पोळी छातीत अडते, मग भात अडतो, मग पातळही अडू लागतं, असा क्रम असेल तर एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका तपासणं) लांबवू नका.

भूक

भूक मरण्याची कारणं घराघरांत सापडतात. पहिलं बद्धकोष्ठ: चार दिवस पोट साफ नसेल तर जेवावंसं वाटणारच नाही. दुसरं चहा. सकाळी दोन, अकराला एक, दुपारी दोन आणि सोबत बिस्किटं, असं झालं की जेवणाच्या वेळी पोट भरलेलं असतं. चहा जेवणानंतर तासाभराने द्या, दिवसातून दोनदाच, आणि दूध जास्त घालून.

तिसरं मन. “मला नको, मुलांना द्या,” “आता जगून काय करायचंय” असं वारंवार येत असेल, पहाटे तीनला जाग येऊन झोप लागत नसेल, आवडती मालिका किंवा हरिपाठही सुटला असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जोडीदार गेल्यावर पहिल्या वर्षात विशेष लक्ष द्या. आजी गेल्यावर आजोबांना स्वयंपाक येत नाही, आणि आजोबा गेल्यावर आजी “एकटीसाठी कशाला कुकर लावू” म्हणून दूध-पोळीवर भागवतात. मुलं परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, अंग दिसत नाही. त्यांना उभं राहायला सांगा, फ्रिज उघडून दाखवायला सांगा, आणि काट्यावरचा आकडा फोनच्या कॅमेऱ्यातच बघा. एकट्या राहणाऱ्यांना मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे.

चौथं कारण औषधं, त्यांना वेगळी जागा द्यावी लागेल.

औषधांची पिशवी

घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, चूर्णं आणि काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने मळमळ होते आणि तोंडाला धातूसारखी चव येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन याही मधुमेहाच्याच गोळ्या, त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे वजन उतरतं. जाड माणसाला तो फायदा, 45 किलोच्या आजीला तोटा. हृदयासाठीच्या डिगॉक्सिनचं प्रमाण जास्त झालं की आधी भूक जाते. स्मृतिभ्रंशाच्या डोनेपेझिलने मळमळ आणि जुलाब होतात. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तर वजन झपाट्याने जातं. लोहाच्या गोळ्यांनी पोट बांधलं जातं आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होतात. यातली एकही गोळी मनाने बंद करू नका. “वजन घटतंय, यातलं काय बदलता येईल?” एवढं विचारा.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. खाणं कमी झालं पण साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइड गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस तोच राहिला, तर साखर अचानक खाली येते. रात्री घाम, पहाटे गोंधळल्यासारखं बोलणं, हाक मारूनही नीट जाग न येणं हे वय नव्हे. लगेच ग्लुकोमीटरवर साखर तपासा. 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर 3 छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. वजन उतरलं की रक्तदाबाच्या गोळ्याही जड होऊ शकतात. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर उभं राहून रक्तदाब तपासून घ्या.

खाणं भरपूर, तरी अंगी लागत नाही

तीन दिवसांच्या नोंदीत खाणं खरोखरच चांगलं दिसत असेल तर स्वयंपाकघरात उत्तर शोधू नका. आटोक्यात नसलेला मधुमेह, वाढलेला थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, जुनाट जुलाब या दिशेला जा. वृद्धांत थायरॉइड वाढल्याची नेहमीची लक्षणं, म्हणजे थरथर, घाम, अस्वस्थता, दिसतीलच असं नाही. नुसतं गळून जाणं आणि वजन उतरणं एवढंच दिसू शकतं. क्षयरोगातही म्हातारपणी खोकला किरकोळ असू शकतो. संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम आणि उतरतं वजन असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात ही तपासणी आणि पुढचं औषध मोफत आहे. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1,000 रुपये मिळतात.

डॉक्टर साधारणपणे या तपासण्यांपासून सुरुवात करतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (अंगातला दाह), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, सोडियम, कॅल्शियम, बी12, लघवी, शौचातलं न दिसणारं रक्त, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. सगळे रिपोर्ट नॉर्मल येणंही घडतं. म्हणजे शोध संपला असं नाही. नोंद चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा.

ताट न वाढवता ताकद कशी वाढवायची

45 किलोच्या आजीला दिवसाला अंदाजे 1,350 कॅलरी आणि 45 ते 54 ग्रॅम प्रथिनं लागतात. हिशेब किलोमागे 30 कॅलरी आणि 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं असा. आता घरोघरचं नेहमीचं खाणं मांडा: दोन चहा, चार बिस्किटं, दोन लहान पोळ्या, थोडी भाजी, वाटीभर वरणभात, रात्री थोडी खिचडी. बेरीज जेमतेम 900 कॅलरी आणि प्रथिनं 25 ग्रॅमच्या आत. दिवसभर “खातात” तरी वजन का उतरतं ते इथे कळतं.

दुसरी पोळी आग्रहाने वाढून हा फरक भरत नाही. आहे त्याच घासात भर घाला. वरणभातावर, खिचडीवर, पोळीवर मिळून दिवसाला 3 छोटे चमचे तूप, 135 कॅलरी. भाजीत किंवा दह्यात 20 ग्रॅम शेंगदाण्याचा बारीक कूट, 110 कॅलरी आणि 5 ग्रॅम प्रथिनं. एक चहा काढून त्या जागी 150 मिली म्हशीचं दूध आणि त्यात 15 ग्रॅम फुल क्रीम दूध पावडर, सव्वादोनशे कॅलरी आणि 9 ग्रॅम प्रथिनं. एक अंडं, 70 कॅलरी आणि 6 ग्रॅम. 50 ग्रॅम मऊ पनीर कुस्करून पोळीत किंवा भाजीत, 9 ग्रॅम. एवढ्यावर दिवस 1,500 कॅलरी आणि 50 ग्रॅम प्रथिनांच्या आसपास जातो, ताटात मात्र फारसा फरक दिसत नाही. अंडं चालत नसेल तर मोठी वाटी घट्ट दही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वेळही जुळवा. वृद्धांची भूक सकाळी सगळ्यात चांगली असते आणि नेमकं तेव्हाच घरात चहा-खारीवर भागवलं जातं. मोठं खाणं सकाळी 8 ते 9 ला द्या: तुपाचा शिरा, अंडं घातलेलं धिरडं, लोण्यासकट मऊ थालीपीठ. मग दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं. पाणी जेवणाआधी पेलाभर पिऊ देऊ नका, दोन जेवणांच्या मध्ये द्या.

डब्यातली हेल्थ ड्रिंक पावडर आणण्याआधी मागचं लेबल वाचा. कित्येकांत साखर आणि माल्टच जास्त असतं. 100 ग्रॅमला 7-8 ग्रॅम प्रथिनं असतील तर साधी दूध पावडर तिच्यापेक्षा कितीतरी सरस.

उपास आणि जुनी पथ्यं

संकष्टी, एकादशी, गुरुवार, चातुर्मास धरला तर महिन्यात सहा-आठ दिवस सहज निघतात आणि त्या दिवशी पोटात जातो साबुदाणा, म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. श्रद्धेशी भांडू नका. उपास तसाच ठेवून पदार्थ बदला: राजगिऱ्याची लापशी दुधात, वरीचा भात दाण्याच्या आमटीबरोबर, दही, पनीर, खजूर. मधुमेहाची गोळी असेल तर निराहार मात्र नकोच.

पथ्यांचंही तसंच. वीस वर्षांपूर्वी वजन 75 किलो असताना कुणीतरी सांगितलेलं “तेल-तूप बंद, भात बंद, मीठ बंद” आज 46 किलोवरही चालू असतं. अळणी जेवण नकोसं होतं. कुठलं पथ्य अजून गरजेचं आहे हे डॉक्टरांकडून एकदा नव्याने ठरवून घ्या. बरीचशी सैल करता येतात.

विसरभोळेपणा असेल तर

स्मृतिभ्रंशात भूक लागल्याचं कळत नाही, जेवलो की नाही हे आठवत नाही, कधी समोरचं अन्न म्हणजे काय हेच उमगत नाही. स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात आणि पांढरं दही नीट दिसत नाही. गडद रंगाची, नक्षी नसलेली ताटली वापरून बघा. एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा. टीव्ही बंद. तुम्ही शेजारी बसून स्वतः खा, बघून हात चालतो. घरभर फेऱ्या मारणाऱ्यांना हातात धरून खाता येईल असं द्या: तूप-गुळाच्या पोळीची मऊ गुंडाळी, इडलीचे तुकडे, उकडलेल्या अंड्याच्या फोडी, मऊ बेसन लाडू. एका जेवणाला 40 मिनिटं लागतील हे धरूनच चाला. घाई केली की तोंड मिटतं.

हे करू नका

मेडिकलमधून भूक वाढवायचं सिरप परस्पर आणू नका. त्यांतल्या अनेकांत सिप्रोहेप्टाडीन हे ॲलर्जीवरचं औषध असतं. म्हातारपणी त्याने झोप, गोंधळ, लघवी अडणं, तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ होतं, म्हणजे भूक आणखीच जाते. विना लेबलच्या “वजन वाढवायच्या” पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपेट खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम अचानक घसरून हृदयाची लय बिघडू शकते. अशांना रक्त तपासत, थायमिन (बी1 जीवनसत्त्व) देत, हळूहळू वाढवायचं असतं, आणि ते रुग्णालयातच.

आठवड्यात दोन किलो गेले, दोन दिवस अन्न पूर्ण बंद आहे, शौच डांबरासारखं काळं आहे, उलटीत रक्त आहे, डोळे पिवळे दिसतात, की अचानक भ्रमिष्टासारखं वागणं सुरू झालंय, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आजारपणानंतरचे सहा आठवडे

वजनाच्या जिन्याची पायरी इथे थांबवता येते. ताप उतरला म्हणजे आजार संपला असं धरलं जातं, पण अंथरुणात गेलेले स्नायू नुसत्या खाण्याने परत येत नाहीत. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात न टेकता, जमत नसेल तर टेकून, उठायचं आणि बसायचं: 5 वेळा, सकाळ-संध्याकाळ. दर आठवड्याला एकेक वाढवत 10 पर्यंत न्या आणि त्यानंतर अर्ध्या तासात दूध किंवा अंडं द्या. या काळात महिन्याला अर्धा ते एक किलो वाढलं तर गाडी रुळावर आहे. चार आठवडे काटा हललाच नाही तर पुन्हा समोर बसून एक जेवण बघा, कारण बदललेलं असू शकतं.

जेव्हा खाणं थांबतंच

पुढच्या टप्प्यातला कर्करोग किंवा शेवटच्या पायरीवरचा स्मृतिभ्रंश असेल तर कितीही केलं तरी वजन परत येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या त्या अवस्थेत नाकातून किंवा पोटातून नळी घातल्याने आयुष्य वाढत नाही. नळी ओढून काढू नये म्हणून हातपाय बांधण्याची पाळी मात्र येते. तिथे कॅलरी मोजणं सोडा. जागे असतील तेव्हा, आवडीचं, दोन चमचे: बासुंदी, आमरस, कालवलेला दहीभात. तोंड मिटलं तर चमचा खाली ठेवा. ओठांना तूप लावा, ओल्या कापसाने जीभ पुसा, हात हातात घ्या आणि तासाभराने पुन्हा विचारा.